आकड्यामागची नोंद: संघर्ष, मानवी हक्क आणि विकासावरचं संशोधन नव्याने वाचणाऱ्यांसाठी

यादवी युद्धावरचा शोधनिबंध पहिल्यांदा उघडला की माणूस दोन गोष्टींनी बिचकतो: संख्याशास्त्राची सूत्रं आणि मृतांचे आकडे. सूत्रांचं फार मनावर घेऊ नका. ती सवयीने समजतात, आणि एखादं नाहीच समजलं तरी निबंधाचा गाभा हाती लागतो. सावध राहायचं ते आकड्यांच्या बाबतीत. ज्याने मारलं त्याला नोंद नको असते, जो मेला तो सांगायला उरत नाही, आणि जो वाचला त्याच्यापर्यंत वही-पेन घेऊन कोणी पोहोचतंच असं नाही. तरी तक्त्यातला प्रत्येक रकाना भरलेला असतो. तो कोणी भरला, कधी भरला, कशावरून भरला, हे विचारायची खोड लागली की या विषयातलं निम्मं शिक्षण झालं, असं मी समजतो.

संघर्ष, मानवी हक्क आणि आंतरराष्ट्रीय विकास यांचे अभ्यासक्रम वेगळे असतात, पण संशोधनात हे विषय एकमेकांत पुरते गुंतलेले आहेत. मदतीच्या पैशाने हिंसा थांबते की भडकते? करारावर सही केल्याने कोठडीतला छळ कमी होतो का? शांतिसेना तैनात झाली की लोक खरंच सुरक्षित होतात का? पदव्युत्तर विद्यार्थी, मदतकार्याच्या संस्थेत नव्याने लागलेले कार्यकर्ते, किंवा अहवालातला आकडा बातमीत वापरावा की नाही या पेचात सापडलेले पत्रकार अशांसाठी या पायऱ्या आहेत.

आधी प्रश्न सुटा करा

‘गरिबीमुळे युद्ध होतं का’ हा चहाच्या टेबलावरचा प्रश्न झाला. संशोधनासाठी त्याचे तुकडे पाडावे लागतात. युद्ध सुरू का होतं, लांबतं का, थांबल्यावर पुन्हा का पेटतं, आणि युद्ध चालू असताना या गावातली माणसं मारली जातात, पलीकडच्या गावातली का नाही, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की घोटाळा होतो.

स्टाथिस कालिवास यांनी ग्रीसच्या यादवीचा, विशेषतः अर्गोलिद भागातल्या गावांचा अभ्यास केला, तो याच फरकावर उभा आहे. युद्ध डावे विरुद्ध उजवे असं असलं तरी गावात कोण मारलं जाईल हे बरेचदा जुनी भांडणं, जमिनीचे वाद आणि शेजाऱ्याने केलेली चुगली यांवर ठरत होतं. निवडून केलेल्या हत्या सर्वात जास्त कुठे झाल्या? जिथे एका बाजूची पकड मजबूत होती पण पूर्ण नव्हती, तिथे. पकड पूर्ण असेल तर मारायची गरज उरत नाही, आणि ती समसमान असेल तर चुगली करणाऱ्यालाच उलटवाराची धास्ती असते. राजधानीत बसून विचारसरणीचा नकाशा काढणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

म्हणून कुठलाही निबंध वाचताना पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: इथे तुलना कशाची कशाशी आहे? देशाची देशाशी, वर्षाची वर्षाशी, की गावाची गावाशी?

व्याख्या पाहिल्याशिवाय आलेख पाहू नका

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातला संघर्ष-डेटा प्रकल्प या क्षेत्रात सर्वात जास्त वापरला जातो. त्याच्या लेखी सशस्त्र संघर्ष म्हणजे सत्ता किंवा भूभाग यांवरून दोन बाजूंत झालेला शस्त्रांचा वापर, ज्यात किमान एक बाजू सरकारची आहे आणि लढाईत वर्षाला किमान २५ माणसं मेली आहेत. हा आकडा १००० झाला की त्याला युद्ध म्हणायचं.

व्याख्या साधी वाटते, पण ती कशाला बाहेर ठेवते ते बघा. एखाद्या वर्षी २४ मृत्यू नोंदले गेले तर त्या वर्षी तिथे संघर्ष नाही असं धरलं जातं, आणि निष्काळजी संशोधक त्याला शांतता म्हणून मोजतो. सरकार ज्यात नाही अशा टोळ्यांच्या लढाया वेगळ्या यादीत जातात. निःशस्त्र नागरिकांची कत्तल तिसऱ्याच यादीत जाते, तिला ‘एकतर्फी हिंसा’ म्हणतात. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत तुत्सी या वांशिक गटातल्या लाखो माणसांची हत्या झाली. लढाईतल्या मृत्यूंच्या रकान्यात ती जवळजवळ दिसतच नाही. प्रकल्पाची यात चूक नाही, त्याने तीन याद्या स्वच्छ वेगळ्या ठेवल्या आहेत. एकच यादी उचलून ‘जगातली हिंसा’ असं शीर्षक देणाऱ्याची चूक आहे, आणि अशी शीर्षकं दरवर्षी छापून येतात.

रवांडाकडून विकासवाल्यांनीही धडा घ्यायला हवा होता. १९९४ पूर्वी हा देश मदत देणाऱ्या संस्थांचा आवडता होता. प्रकल्प वेळेवर चालत होते, प्रशासन शिस्तीचं होतं. ओळखपत्रावर वांशिक गटाची नोंद होती, ती मात्र प्रकल्पांच्या मूल्यमापनात मोजली जात नव्हती. हत्याकांडात रस्त्यांवरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र तपासलं गेलं.

नोंद कोणी केली?

आता खरा जड भाग. इथे घाई करू नका.

हिंसक घटनांच्या नोंदींचे बहुतेक संच बातम्यांवरून तयार होतात. बातमी तिथूनच येते जिथे बातमीदार किंवा निदान फोन पोहोचतो. २०१३ मध्ये यान पिअरस्कल्ला आणि फ्लोरियान होलेनबाख यांनी आफ्रिकेबद्दल दाखवलं की मोबाइलचं जाळं असलेल्या भागांत संघटित हिंसेची शक्यता जास्त दिसते. त्यांचं स्पष्टीकरण असं: फोनमुळे सशस्त्र गटांना एकत्र येणं सोपं जातं. पटण्यासारखं आहे. पण फोनमुळे हिंसा वाढली, की तीच हिंसा फोनमुळे जास्त कळू लागली? निल्स वाइडमान यांनी २०१६ मध्ये अफगाणिस्तानातल्या लष्करी नोंदी बातम्यांवर आधारित नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. मोबाइल जिथे चालतो तिथली घटना बातमीत येण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे आधीच्या निष्कर्षातला काही भाग तरी कळण्यातल्या फरकाचा असू शकतो. हे दोन्ही निबंध लागोपाठ वाचा. या विषयाचा स्वभाव त्यातून जितका कळतो तितका पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

नोंदच झाली नाही त्या मृत्यूंचं काय? यासाठी पेरूचं उदाहरण नीट समजून घ्या. १९८० ते २००० या काळात तिथे ‘शायनिंग पाथ’ हा माओवादी गट आणि सरकारी दलं यांच्या कचाट्यात डोंगराळ भागातली जनता भरडली गेली. सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अहवाल दिला. आयोगाकडे ओळख पटलेल्या मृत आणि बेपत्ता माणसांची संख्या होती २३,९६९. अहवालातला अंदाज होता ६९,२८०. नोंदीच्या जवळपास तिप्पट!

ही मधली माणसं कुठून आली? गणिताची कल्पना सोपी आहे. समजा एका संस्थेकडे १०० मृतांची यादी आहे आणि दुसरीकडे ८० जणांची. दोघींनी एकमेकींना न विचारता काम केलं आहे. याद्या ताडून पाहिल्यावर २० नावं दोन्हींत सापडली. म्हणजे दुसऱ्या यादीतल्या ८० पैकी २० जण, चौथा हिस्सा, पहिल्या संस्थेला सापडले होते. तर मग पहिलीला एकूण मृतांपैकीही साधारण चौथा हिस्साच सापडला असावा, आणि तिचे १०० म्हणजे एकूणाचा चौथा हिस्सा. एकूण सुमारे ४००. याद्यांमध्ये नावं फार जुळली तर समजायचं की बहुतेक सगळे नोंदले गेले; थोडी जुळली तर बरेच राहिले.

गोम आहे ती ‘एकमेकींना न विचारता’ या अटीत. लोक ज्या संस्थेवर विश्वास ठेवतात तिलाच सांगतात. पेरूत शायनिंग पाथने मारलेल्यांची नावं आयोगाखेरीज इतर याद्यांत कमी होती, त्यामुळे त्या गटाचा हिशेब सरळ पद्धतीने मांडता येईना आणि आडवाट धरावी लागली. २०१९ मध्ये सिल्विओ रेंडोन यांनी याच आडवाटेवर बोट ठेवलं. त्यांचा अंदाज आला सुमारे ४८,०००, आणि सर्वात जास्त हत्या कोणी केल्या याचं उत्तरही बदललं: आयोगाने शायनिंग पाथला मुख्य दोषी धरलं होतं, रेंडोन यांच्या हिशेबात सरकारी दलं पुढे गेली. मूळ अंदाज करणाऱ्यांपैकी काहींनी त्याला उत्तर दिलं आणि वाद रंगला.

नवख्याला इथे वाटतं, मग यातलं काहीच खरं नाही. तसं नाही. आयोगाला कळवलेल्या बळींपैकी ७५ टक्क्यांची मातृभाषा केचुआ किंवा दुसरी एखादी मूळनिवासी भाषा होती, आणि १९९३ च्या जनगणनेत अशा भाषा बोलणारे देशात फक्त १६ टक्के होते. एकूण अंदाज ४८ हजार धरा की ६९ हजार, कोणाच्या घरातली माणसं गेली आणि त्यांची नावं राजधानीपर्यंत का पोहोचली नाहीत, हे त्या दोन टक्केवाऱ्या सांगतात.

हक्कांचे गुण कसे वाचायचे

मानवी हक्कांची स्थिती मोजण्यासाठी ‘पोलिटिकल टेरर स्केल’ खूप वापरतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल, ह्यूमन राइट्स वॉच आणि अमेरिकेचं परराष्ट्र खातं यांचे वार्षिक अहवाल वाचून प्रत्येक देशाला १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे सर्वात वाईट. तिन्ही स्रोतांचे गुण वेगवेगळे ठेवलेले असतात, आणि तिथेच पहिला व्यायाम करता येतो: एकाच देशाचे, एकाच वर्षाचे तीन गुण शेजारी मांडा. ज्यांत फरक दिसला ते मूळ अहवाल काढून वाचा.

आता एक कोडं. छळविरोधी करार संयुक्त राष्ट्रांनी १९८४ मध्ये स्वीकारला, मग अनेक देशांनी त्याला मंजुरी दिली. तरी सरासरी गुण दशकानुदशकं फारसे सुधारलेले दिसत नव्हते. ऊना हॅथवे यांनी २००२ मध्ये तर म्हटलं की मंजुरी देणाऱ्या देशांचं वर्तन न देणाऱ्यांपेक्षा चांगलं दिसत नाही, काही ठिकाणी वाईटच दिसतं. करार म्हणजे नुसता कागद, असा सूर बराच काळ लागला.

ख्रिस्तोफर फॅरिस यांनी २०१४ मध्ये प्रश्न उलटा केला: अहवाल लिहिणाऱ्यांची मोजपट्टी तीच राहिली होती का? पूर्वी सामूहिक हत्या आणि बेपत्ता माणसं यांवरच अहवालाची पानं भरत. पुढे संस्था वाढल्या, माहिती वाढली, आणि कोठडीतली मारहाणही नोंदली जाऊ लागली. निकष कडक होत गेला, त्यामुळे वागणूक सुधारली तरी गुण जागच्या जागी राहिले. हा बदल हिशेबात धरल्यावर फॅरिस यांना काळानुसार सुधारणा दिसली, आणि करार व सुधारणा यांचा संबंधही सरळ दिसू लागला. सगळ्यांना हे मान्य नाही. मला मात्र ही मांडणी महत्त्वाची वाटते, कारण छळाच्या जास्त तक्रारी येणारा देश जास्त क्रूर असेलच असं नाही, तिथे तक्रार करता येत असेल.

कारण शोधताना

दरडोई उत्पन्न कमी असलेल्या देशांत यादवी जास्त होते, यावर जवळजवळ एकमत आहे. पण का? पॉल कॉलिअर आणि आंके हॉफ्लर म्हणाले की गरीब तरुणाला बंडखोरीत जाऊन गमावण्यासारखं थोडंच असतं, त्यामुळे भरती स्वस्त पडते. जेम्स फिअरन आणि डेव्हिड लेटिन म्हणाले की कमी उत्पन्न ही कमकुवत सरकारची खूण आहे: ना रस्ते, ना पोलीस, ना गावात काय चाललंय याची खबर. संख्या एकच, अर्थ दोन, आणि त्यातून निघणारी धोरणंही दोन. पहिल्यांचं ऐकलं तर रोजगार द्या, दुसऱ्यांचं ऐकलं तर प्रशासन उभं करा. मदत देणाऱ्या संस्थेच्या प्रस्तावात ‘संशोधन सांगतं की’ असं वाक्य आलं की यातलं कुठलं, हे विचारा.

दुसरी अडचण म्हणजे उलटा बाण. गरिबीने युद्ध येतं तसं युद्धानेही गरिबी येते. यातून वाट काढायला एडवर्ड मिगेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पावसाचा आधार घेतला. आफ्रिकेतल्या ४१ देशांत पाऊस कमी झाला की उत्पन्न घटतं, आणि युद्धाने काही पाऊस थांबत नाही. युक्ती सुंदर आहे. शंका एवढीच की पावसाचा परिणाम उत्पन्नाखेरीज दुसऱ्या वाटेनेही होऊ शकतो. चिखलाने रस्ते बंद झाले तर सैन्य हलत नाही.

तिसरी अडचण निवडीची. व्हर्जिनिया पेज फॉर्टना यांनी दाखवलं की संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना अवघड जागीच पाठवली जाते. त्यामुळे ‘शांतिसेना असलेल्या देशांत पुन्हा युद्ध पेटलं’ अशी नुसती यादी करणं अन्यायाचं आहे. सुरुवातीची परिस्थिती किती बिकट होती हे धरलं की शांतिसेनेचा उपयोग स्पष्ट दिसतो.

चांगली तुलना कशी दिसते ते फिलिपिन्समध्ये पाहा. तिथल्या ‘कालाही-सिड्स’ या गावविकास योजनेत, जागतिक बँकेच्या पैशातून, निवडलेल्या प्रांतांतल्या सर्वात गरीब २५ टक्के नगरपालिकांना मदत मिळणार होती. म्हणजे रेषेच्या किंचित आत असलेली नगरपालिका आणि किंचित बाहेर राहिलेली नगरपालिका यांच्यात गरिबीचा फरक नावापुरता. एकीला योजना मिळाली, दुसरीला नाही. २०१४ च्या अभ्यासात आढळलं की योजनेला पात्र ठरलेल्या भागांत संघर्षातले बळी वाढले, आणि मुख्यतः सुरुवातीच्या काळात. अभ्यासकांच्या मते बंडखोरांना धास्ती होती की काम यशस्वी झालं तर लोक आपल्या हातून सुटतील, म्हणून त्यांनी ते आधीच मोडायला घेतलं. यावरून ‘मदत देऊ नका’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी निबंध पुन्हा वाचावा. त्यातून निघतं ते एवढंच की लोकांच्या संरक्षणाची तयारी योजनेच्या घोषणेआधी हवी.

माणसांशी बोलण्याआधी

ही पायरी खरं तर सर्वात शेवटी घ्यायची. वाचन अर्धवट असताना युद्धग्रस्त भागात मुलाखती घ्यायला जाऊ नये. स्थानिक संशोधकांनी आधीच विचारलेले प्रश्न पुन्हा विचारून लोकांच्या जखमा उघड्या करण्याचा हक्क कोणाला नाही.

एलिझाबेथ वूड एल साल्वादोरमध्ये शेतकऱ्यांचा बंडातला सहभाग अभ्यासत होत्या. त्यांनी लोकांच्या गटांना आपल्या भागाचे नकाशे काढायला सांगितले: युद्धाआधी कुठली जमीन कोणाची होती आणि नंतर कोणाची झाली. कागदावर सीमा आखता आखता लोक बोलत गेले. ‘तुम्ही बंडखोरांना मदत केली का’ या प्रश्नाला मिळालं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या रेघांतून मिळालं.

गुप्ततेचं वचन देताना कायदा तपासा. बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात २००१ पासून उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या; तुम्ही हयात असेपर्यंत त्या बाहेर येणार नाहीत, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. २०११ मध्ये १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी अमेरिकी न्यायव्यवस्थेमार्फत त्या मागवण्यात आल्या आणि काही मुलाखती पोलिसांच्या हाती गेल्या. आपल्या हातात नाही ते कबूल करू नका. जिथे कागदावरचं नाव जिवावर बेतू शकतं तिथे लेखी सहीचा हट्ट न धरता तोंडी संमती घ्या; नैतिकता समित्या अशा ठिकाणी ती मान्य करतात. नावं आणि उत्तरं एका फाइलमध्ये ठेवू नका. स्थानिक दुभाषा आणि वाटाड्या तुम्ही परतल्यावरही तिथेच राहणार आहेत, त्यांचा विचार आधी.

पहिला सराव

उप्सालाचा घटनांचा संच १९८९ पासूनचा आहे आणि तो मोफत उतरवून घेता येतो. एक देश आणि एक वर्ष निवडा, आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडा. प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना. मृतांचे तीन आकडे दिसतील: किमान, कमाल आणि सर्वात विश्वासार्ह. किमान आणि कमाल यांत मोठं अंतर असलेल्या ओळी रंगवून ठेवा.

मग ठिकाणाच्या अचूकतेचा रकाना शोधा. १ म्हणजे नेमकी जागा माहीत आहे, ४ म्हणजे फक्त प्रांत माहीत आहे, ६ म्हणजे फक्त देश. तरीही नकाशासाठी प्रत्येक ओळीला अक्षांश-रेखांश दिलेले असतात, कारण प्रांतच माहीत असलेली घटना त्या प्रांताच्या प्रातिनिधिक बिंदूवर ठेवली जाते. हा रकाना न बघता नकाशा काढला की नकाशावर मधोमध एक लालभडक ठिपका उमटतो, जिथे कदाचित काहीच घडलेलं नसतं. आधी सगळ्या ओळींचा नकाशा काढा, मग या रकान्यात ४ किंवा त्याहून मोठा अंक असलेल्या ओळी वगळून पुन्हा काढा.

शेवटी पाच-सहा ओळी निवडून त्यांचा मूळ स्रोत वाचा. मृतांचा आकडा कोणी सांगितला आहे ते वहीत प्रत्येकीसमोर लिहा: लष्कराचा प्रवक्ता, बंडखोर गट, रुग्णालय, प्रत्यक्षदर्शी. वर्षभराच्या ओळींसाठी हे केलंत तर तुमच्या प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण अर्धं लिहून झालं असेल. मार्गदर्शकांकडे पहिल्यांदा जाताना निष्कर्ष नेऊ नका, ही वही न्या.